पाटी, कासव आणि कळफलक
बालशिक्षणातील संगणकाची चाळीस वर्षे

सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या आयुष्यातील मागे वळून पाहण्याचा क्षण. मंडळाचे गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, वाचनालय आणि व्याख्याने ह्यांचा वृत्तान्त ह्या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. आम्ही मात्र वेगळा विषय निवडला आहे. मंडळाच्या हयातीतच तो ह्या देशात रुजला, आणि आपल्यापैकी अनेक कुटुंबांस ह्या नगरीत आणण्यासही तोच कारणीभूत झाला. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली बंगळूरला आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या अमेरिकन कंपनीने १९८५ साली येथे आपले केंद्र उघडले. त्यानंतर पुणे, नागपूर, सांगली, सोलापूर येथून मराठी तरुण येथे येऊ लागले ते प्रामुख्याने संगणकाचा हात धरूनच. म्हणजे संगणक हा आपल्या पोटापाण्याचा विषय होताच. आता तो आपल्या नातवंडांच्या दप्तरातही शिरला आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलास संगणक शिकवावा काय? शिकवायचा तर त्यातले काय, कोणी आणि कोणत्या भाषेत? हे प्रश्न केवळ शाळांपुरते नाहीत. परमुलखात वाढणाऱ्या मराठी मुलाची भाषा पुढे कोणत्या कामास येणार, ह्याचेही उत्तर त्यांत दडलेले आहे. म्हणून ह्या चाळीस वर्षांत काय काय घडले, हे क्रमाने पाहावे असे आम्हांस वाटते.

कासवाचा जन्म

लहान मुलांच्या हाती संगणक द्यावा ही कल्पना भारतातली नव्हे. संगणक जेव्हा मोठ्या खोलीएवढे असत आणि त्यांवर शास्त्रज्ञ व हिशेबनीस ह्यांचाच अधिकार होता, त्या काळात, १९६७ साली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉली फॉइरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ह्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट हे मूळचे गणिती. जिनिव्हा येथे बालमनाचे थोर अभ्यासक झां पियाजे ह्यांच्या सहवासात त्यांनी काही वर्षे काढली होती. मूल आपले ज्ञान स्वतःच्या हातांनी उभारीत असते, हा पियाजेंचा विचार त्यांनी यंत्राशी जोडला.

लोगोमध्ये एक कासव असते. प्रथम ते जमिनीवर चालणारे छोटे यंत्र होते. पुढे पडद्यावरचे चित्र झाले. मुलाने त्यास आज्ञा द्यायची: शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. हीच जोडी चार वेळा दिली की चौकोन उमटतो. वळण चुकले तर आकृती बिघडते, आणि ती का बिघडली हे शोधण्यासाठी मूल स्वतःच कासव होऊन खोलीत चालून पाहते. पॅपर्ट ह्यांच्या मते ह्या शोधातच शिक्षण आहे. यंत्राने मुलाला चालवावयाचे नाही. मुलाने यंत्राला चालवावयाचे, हे त्यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ ह्या ग्रंथाचे सार म्हणता येईल.

आपल्या वाचकांस ह्यात काही ओळखीचे वाटेल. बंगळूरच्या कोणत्याही जुन्या वस्तीत पहाटे दारापुढे जी ठिपक्यांची रांगोळी उमटते, ती हीच कासवगती आहे. इतके ठिपके, इतक्या ओळी, येथून वळण, तेथे जोड, आणि तेच चारही बाजूंनी पुन्हा. आपल्या घरांतील आज्या पिढ्यान्‌पिढ्या मुलींना हेच शिकवीत आल्या.

कुलूपबंद खोली

भारतातील शाळांत संगणक आला तो १९८४-८५ साली. केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ह्यांनी मिळून ‘क्लास’ ह्या नावाने एक प्रायोगिक योजना सुरू केली. देशभरातील सुमारे अडीचशे माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा तीसाठी निवडण्यात आल्या आणि त्यांस ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्यात आले. ब्रिटिश नभोवाणीने आपल्या देशात संगणकसाक्षरतेची मोहीम हाती घेतली होती. तिच्यासाठी एकॉर्न ह्या कंपनीने १९८१ साली हे यंत्र घडविले होते. त्याच्या प्रचलित नमुन्याची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज आपल्या खिशातील फोनवर काढलेले एक साधे छायाचित्र त्याच्या शंभरपट जागा सहज व्यापते.

योजनेचा हेतू उदात्त होता. परंतु तिच्या मांडणीत एक उलटा क्रम शिरला. यंत्र आधी आले, शिक्षक मागाहून. काही दिवसांच्या प्रशिक्षणावर गणिताच्या वा विज्ञानाच्या शिक्षकाने हा नवा विषय पेलावा अशी अपेक्षा होती. त्या काळचे संगणककक्ष ज्यांनी पाहिले आहेत त्यांस आठवत असेल की तेथे पादत्राणे दाराबाहेर काढून, देवघरात शिरावे तसे शिरावे लागे. यंत्र महाग, ते बिघडेल ही भीती मोठी. साहजिकच किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मुलांनी एका पडद्याभोवती उभे राहावे, पुढच्या दोघांनी कळा दाबाव्यात आणि इतरांनी पाहावे, असा तो तास. वह्यांत मात्र संगणकाच्या भागांची नावे आणि व्याख्या सुवाच्य अक्षरात उतरत होत्या. पोहण्याचे पुस्तक पाठ करावे आणि पाण्यास कधी स्पर्श होऊ नये, तसाच हा प्रकार.

दुसरीही एक गोष्ट तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. कळफलक इंग्रजी, आज्ञा इंग्रजी, पुस्तके इंग्रजी. मराठी वा कन्नड शाळेतील मुलाच्या मनावर पहिल्याच तासास ठसले ते एवढेच, की ह्या यंत्रास आपली भाषा कळत नाही. पुढे खाजगी शाळांनी चढाओढीने संगणकाचा विषय खालच्या वर्गांत, अगदी पहिलीपर्यंत उतरविला. त्याबरोबर हा समजही खाली उतरला.

डमरू आणि सुई

मुलांना मोकळे सोडले तर ती काय करतील? ह्या प्रश्नाचे एक उत्तर दिल्लीत मिळाले. १९९९ सालच्या जानेवारीत एनआयआयटी ह्या संस्थेतील शास्त्रज्ञ सुगत मित्र ह्यांनी कालकाजी येथील आपल्या कार्यालयाच्या भिंतीस भगदाड पाडून तेथे एक संगणक बसविला. भिंतीपलीकडे झोपडपट्टी होती. कोणी शिकविणारे नव्हते. झोपडपट्टीतील मुले जमली आणि थोड्याच काळात यंत्र हाताळू लागली. पुढे हा प्रयोग देशात अन्यत्रही झाला. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि कर्नाटकात म्हैसूर भागातही तशी केंद्रे निघाली.

ह्या प्रयोगाविषयी पुष्कळ लिहिले गेले, त्याची स्तुतीही झाली आणि त्यावर टीकाही. दांडगी मुले पुढे राहतात आणि मुली मागे पडतात, देखभाल थांबली की यंत्र बंद पडते, असे आक्षेप अभ्यासकांनी घेतले आणि ते रास्तही होते. परंतु आम्हांस त्यातील एक लहानसा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. त्या मुलांना इंग्रजी संज्ञा ठाऊक नव्हत्या, म्हणून त्यांनी स्वतःच्या संज्ञा केल्या. पडद्यावर फिरणाऱ्या बाणास त्यांनी ‘सुई’ म्हटले. काम चालू असल्याची खूण म्हणून जे वाळूचे घड्याळ दिसे, ते त्यांनी आयुष्यात पाहिलेच नव्हते. त्यांनी त्यास ‘डमरू’ म्हटले. शंकराच्या हातातील वाद्य संगणकाच्या पडद्यावर अवतरले! ज्या वस्तूस मूल आपल्या भाषेत नाव देते ती वस्तू त्याच्या मालकीची होते. सावरकर असोत वा सहा वर्षांचे झोपडपट्टीतले पोर, शब्द घडविण्याचा अधिकार भाषा बोलणाऱ्या प्रत्येकास आहे.

ह्याच सुमारास आपल्या बंगळुरातही भाषेचा हा प्रश्न काही मंडळींना जाणवला होता. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर ह्या कंपनीचे विनय देशपांडे प्रभृती ह्यांनी ‘सिम्प्युटर’ नावाचा हातात मावणारा, स्वस्त संगणक कल्पिला. २००१ साली त्याचे प्राथमिक नमुने जगापुढे आले. ज्यांस वाचता येत नाही त्यांसही तो वापरता यावा, त्याने भारतीय भाषांत मोठ्याने वाचून दाखवावे, गावातील अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरावे, हा त्यामागील विचार. २००४ साली तो बाजारात आला; परंतु अपेक्षेच्या मानाने त्याचा खप फारच अल्प झाला आणि पुढे मोबाइल फोनने त्याची जागा घेतली. यंत्र गेले, परंतु यंत्राने माणसाच्या भाषेत बोलावे, हा त्याचा आग्रह खोटा नव्हता.

बंगळूरचा मोठा प्रयोग

ह्या कहाणीतील सर्वांत बोधप्रद प्रकरण आपल्याच नगरीत घडले. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २००१-०२ च्या सुमारास कर्नाटकातील सरकारी प्राथमिक शाळांत संगणकाच्या साहाय्याने शिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. येथे विषय ‘संगणक’ हा नव्हता. गणित, भाषा, परिसर हे नेहमीचेच विषय खेळांच्या आणि गोष्टींच्या रूपाने संगणकावर आणावयाचे होते. त्यासाठी कन्नडसह अनेक भारतीय भाषांत तबकड्या तयार झाल्या. भाषेची चूक येथे टाळली होती. मुले आनंदली, शाळेत येण्याची ओढ वाढल्याचे दिसले आणि कार्यक्रम पसरत पसरत अनेक राज्यांतील सोळा हजारांवर शाळांत पोहोचला.

त्यानंतर जे झाले ते संस्थांच्या इतिहासात विरळा घडते. एवढा व्याप उभारलेल्या संस्थेने आपल्याच कार्याची कठोर तपासणी केली. आरंभीचे कुतूहल ओसरल्यावर मुलांच्या प्रत्यक्ष शिकण्यात अपेक्षित भर पडत नाही, असे तिला दिसून आले. मग तिने हा कार्यक्रम बाजूस ठेवला आणि आपली शक्ती शिक्षकांच्या घडणीकडे वळविली. अनुराग बेहर ह्यांनी २०१० साली वृत्तपत्रीय लेख लिहून हा निष्कर्ष जाहीरपणे मांडला. शिक्षणाचा खरा प्रश्न शिक्षक, वर्ग आणि समाज ह्यांचा आहे, आणि यंत्राच्या मोहाने त्यावरून लक्ष उडते, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी अझीम प्रेमजी विद्यापीठाची स्थापना झाली. संगणकाच्या व्यवसायातून धन मिळविलेल्या घराण्याच्या संस्थेने, संगणकाच्या राजधानीत बसून, संगणक पुरेसा नाही असे सांगावे, ह्याला मोठे मनोधैर्य लागते.

मराठी वाचकांस हा निष्कर्ष नवा वाटू नये. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांच्यापुढेही साधनांचाच प्रश्न होता. मॉन्टेसरी पद्धतीची साधने सुबक, पण महाग. ताराबाईंनी आणि अनुताई वाघ ह्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, माती ह्यांतून तीच तत्त्वे साधली. साधन कोणतेही असो. मुलाकडे पाहणारी बाई तेथे हवी, तिला मुलाची बोली कळली पाहिजे, आणि साधन मुलाच्या हातात असले पाहिजे. कोसबाडचा हा धडा बंगळूरच्या संगणकांनी निराळ्या वाटेने पुन्हा शिकविला, एवढेच.

पवईची पुस्तके आणि खैराटची शाळा

मग लहान मुलांस संगणक शिकवूच नये काय? तसे मुळीच नाही. ह्याच काळात महाराष्ट्रात दोन उल्लेखनीय प्रयत्न झाले.

पहिला पवईचा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक श्रीधर अय्यर व त्यांचे सहकारी ह्यांनी पहिलीपासूनच्या मुलांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पाठ्यपुस्तकमाला तयार केली आणि ती सर्वांस विनामूल्य खुली ठेवली. तेजस आणि ज्योती ही दोन मुले आणि ‘मोझ’ नावाचा बोलका उंदीर ह्यांच्या संवादांतून तीतील पाठ उलगडतात. ह्या मालेचे वैशिष्ट्य असे की कोणत्या कंपनीची कोणती आज्ञावली कशी वापरावी, ह्यावर तिचा भर नाही. एखादे काम पायऱ्यापायऱ्यांनी कसे मांडावे, माहिती पद्धतशीर कशी गोळा करावी, तर्क कसा लावावा, हे विचाराचे संस्कार ती आधी करते. यंत्र त्यांच्या मागून येते. आपल्या घरचे उदाहरण घ्यावयाचे तर, पोहे भिजविण्याआधी फोडणी टाकली तर काय होईल, हे ज्या मुलास सांगता येते त्यास आज्ञावलीतील क्रमाचे महत्त्व निराळे शिकवावे लागत नाही.

दुसरा प्रयत्न रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातला. तेथील खैराट ह्या लहानशा गावी, पहिली ते चौथीचे वर्ग एकच शिक्षक सांभाळीत असलेल्या शाळेत, २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ ह्या जागतिक योजनेतील यंत्रे आली. हिरव्या-पांढऱ्या रंगाची, खेळण्यासारखी दिसणारी ती यंत्रे जेमतेम वीसबावीस मुलांच्या हाती पडली. पॅपर्ट हे ह्या योजनेच्या प्रेरणास्थानांपैकी एक. म्हणजे १९६७ सालचे कासव चाळीस वर्षांनी कर्जतच्या डोंगरात पोहोचले, असे म्हणावयास हरकत नाही. जगभर ह्या योजनेची कीर्ती मोठी झाली आणि पुढे ती ओसरलीही. देशव्यापी विस्ताराचा प्रस्ताव भारत शासनाने तत्पूर्वीच, २००६ साली, नाकारला होता. परंतु खैराटसारख्या शाळेत त्या यंत्रांस जो अर्थ प्राप्त झाला तो मुलांना नावाने ओळखणाऱ्या आणि त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या शिक्षकामुळे. यंत्र प्रत्येक मुलास मिळाले तरी शिक्षकाची गरज एका अंशानेही कमी झाली नाही.

ळ ह्या अक्षराची कळ

आता आपल्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याच्या भागाकडे वळतो. बंगळूरमधील मराठी मुलाच्या कानावर घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड आणि बहुधा हिंदीही पडते. कर्नाटक शासनाच्या २०१५ सालच्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमानुसार राज्यातील शाळांत कन्नड शिकणे आवश्यक झाले. त्यामुळे आपल्या मुलांस कन्नड लिपी येते. मात्र मराठी ती वाचतात ती अडखळत, आणि लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. आजोबांना पाठविलेला संदेश मराठीच असतो, पण रोमन वेषातला. भाषा कानात राहते, हातातून सुटते. हातातून सुटलेली भाषा पुढच्या पिढीच्या कानातही फार काळ टिकत नाही, हा स्थलांतरितांच्या इतिहासाचा अनुभव आहे.

ह्यावरचा उपाय तब्बल चार दशकांपासून तयार आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे संशोधन झाले त्यात मोहन तांबे ह्यांचा वाटा मोठा होता. ते कार्य पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’ ह्या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत वाढले. त्याच काळात, १९८६ साली, इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरविला आणि १९९१ साली त्यास भारतीय मानकात स्थान मिळाले. त्याची रचना आपल्या वर्णमालेच्या शास्त्रशुद्ध बैठकीवर उभी आहे. डाव्या हाताखाली स्वर आणि त्यांच्या मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजने. ‘क’ ज्या कळीवर, वरची जोडकळ दाबली की तीवरच ‘ख’; ‘ग’ तेथेच ‘घ’; ‘त’ तेथेच ‘थ’. ज्या मुलास वर्णमाला म्हणता येते त्यास हा कळफलक निम्मा पाठच असतो.

आणि खरी खुबी पुढेच आहे. ब्राह्मी लिपीच्या कुळातील सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी लागू पडते. मराठी ‘क’ जेथे, कन्नड ‘क’ही तेथेच. ज्या मुलाच्या बोटांना एक लिपी आली त्यास दुसरी आपोआप आली. ‘ळ’ हे अक्षरच पाहा. प्रमाण हिंदीत ते नाही; मराठी आणि कन्नड ह्या दोन्ही भाषांना मात्र त्यावाचून चालत नाही. दोन्हींत ते ‘ल’च्याच कळीवर, वरच्या मजल्यावर राहते. मराठीत ‘बाळ’ लिहिण्यास ज्या कळा लागतात त्याच कळांनी, भाषेची निवड तेवढी बदलून, कन्नड लिपीतही ‘बाळ’ उमटते. आणि त्यास उकाराची एक कळ जोडली की कन्नडमधील ‘बाळु’ हा शब्द होतो, ज्याचा अर्थ जगणे, आयुष्य. दोन शेजारी भाषांचे नाते मुलास ह्याहून सुंदर रीतीने कोणते पुस्तक दाखवील?

आज फोनला तोंडी सांगितले तरी तो मराठी लिहितो, मग कळा कशाला शिकावयाच्या, असे कोणी विचारील. बोललेले अचूक उतरले की नाही हे ओळखण्यासही लिपी डोळ्यांना आणि बोटांना ठाऊक असावी लागते. ‘पाणि’ आणि ‘पाणी’ ह्यांतील भेद यंत्रावर सोपविला तर तो आपला राहत नाही.

बंद शाळांचे वर्ष

ह्या विषयाची कसोटी पाहणारे वर्ष आले ते २०२० चे. महामारीमुळे मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि बालवाडीतील मुलांचे वर्गही पडद्यावर भरू लागले. १० जून २०२० रोजी कर्नाटक शासनाने पाचवीपर्यंतच्या मुलांचे असे वर्ग घेण्यास मनाई केली आणि लवकरच ही मनाई सातवीपर्यंत वाढविली. कोवळ्या मुलांना तासन्‌तास पडद्यापुढे बसविणे अहितकारक, हे त्यामागील कारण होते. पालकांपैकी काही न्यायालयात गेले आणि ८ जुलै रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशांस स्थगिती दिली. मुलांच्या शिक्षणाच्या हक्कास त्यामुळे बाध येतो, असे न्यायालयाचे प्रथमदर्शनी मत पडले.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितले होते की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक पडदा नसावा, आणि त्याहून कमी असेल तितके बरे. उलट, बंद शाळेच्या काळात ज्या घरी यंत्र नव्हते त्या घरच्या मुलाचे शिक्षणच थांबले, हेही सर्वांनी पाहिले. त्या वर्षीच्या जुलैअखेर घोषित झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिक्षण असावे असे म्हटले, आणि आज्ञावली लिहिण्याचा परिचय सहावीपासूनच्या टप्प्यात ठेवला. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तिसरीपासून संगणकीय विचार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ह्यांचा परिचय २०२६-२७ ह्या वर्षापासून करून देण्याचे घोषित केले. म्हणजे ओघ खाली, लहान वयाकडेच वाहतो आहे. त्याला बांध घालणे आपल्या हाती नाही. पाट काढणे मात्र आहे.

आपल्या मंडळापुरते

चाळीस वर्षांच्या ह्या इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी निःसंशय दिसतात. जेथे यंत्र आधी आले आणि शिक्षक व भाषा मागाहून आली, तेथे यंत्र धूळ खात पडले. जेथे मुलाला ओळखणारे माणूस आणि मुलाची भाषा आधी होती, तेथे मोडके यंत्रही कामास आले, आणि प्रसंगी यंत्राविनाही भागले. न्यूझीलंडमधील टिम बेल आदी प्राध्यापकांनी १९९० च्या दशकापासून संगणकाविना संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ रचले आणि ते जगभर गेले. ठिपक्यांचे पाच पुठ्ठे, त्यांवर एक, दोन, चार, आठ आणि सोळा ठिपके. कोणते उघडे, कोणते पालथे, एवढ्यावर सात वर्षांचे मूल एकतीसपर्यंतचा कोणताही आकडा यंत्राच्या भाषेत मांडू लागते. ह्या खेळास वीज लागत नाही.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने रविवारच्या बालवर्गास हा नवा धागा जोडावा. पहिले सहा महिने यंत्र मुळीच नको. मुलांनी एकमेकांस मराठीतून आज्ञा देऊन कासव चालवावे, रांगोळीची कृती पायऱ्यांनी लिहावी, पुठ्ठ्यांचे खेळ खेळावेत. डावे-उजवे, आधी-नंतर, जर-तर, जोपर्यंत-तोपर्यंत हे शब्द त्यांच्या तोंडी मराठीत रुळावेत. संगणकाचे सारे शास्त्र ह्याच अव्ययांवर उभे आहे. त्यानंतर आठवड्यातून अर्धा तास कळफलक, तोही मराठी आणि कन्नड दोन्ही. पहिला पाठ स्वतःच्या नावाचा, दुसरा आईच्या, तिसरा आजोळच्या गावाचा. वर्षअखेर प्रत्येक मुलाने एक पत्र देवनागरीत स्वतःच्या बोटांनी लिहून आपल्या आजी-आजोबांस पाठवावे. पडद्यावरच्या वस्तूंना मुलांनी स्वतः नावे द्यावीत आणि वर्गाने त्यांची यादी ठेवावी. दिल्लीच्या मुलांस डमरू दिसला. आपल्या मुलांस काय दिसेल, ह्याचे आम्हांस कुतूहल आहे.

शिक्षक कोठून आणावयाचे हा प्रश्न ह्या नगरीत तरी पडू नये. संगणकावर आयुष्य काढलेले किती तरी सभासद आता निवृत्त झाले आहेत, आणि ज्या आजी मुलाबाळांकडे राहावयास आल्या आहेत त्यांच्याजवळ रांगोळी आहे, गोष्टी आहेत आणि अस्सल मराठी आहे. एकाजवळ यंत्राचे ज्ञान, दुसरीजवळ भाषेचे. बालवर्गात ही दोघे शेजारी बसली तर त्याहून उत्तम शिक्षकवर्ग कोठे मिळणार?

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी मंडळ स्थापिले त्यांची चिंता होती ती परमुलखात मराठी बोलणारे चार लोक एकत्र यावेत ही. आजची चिंता थोडी निराळी आहे: त्या चौघांच्या नातवंडांनी मराठी ही केवळ सणावाराची आणि स्वयंपाकघराची भाषा मानू नये, विचाराची आणि कामाचीही मानावी. पाटीवर ‘श्री’ गिरवून आपल्या वाडवडिलांनी विद्यारंभ केला. आता पाटी बदलली आहे. तिच्यावर उमटणारे पहिले अक्षर आपले असावे, एवढे पाहणे आपल्या सर्वांच्या हाती आहे. ह्या कार्यास मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत यश लाभो, हीच सुवर्णमहोत्सवी शुभेच्छा.